मी हाक मारली नव्हती

मी हाक मारली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे काय वाटेल ते म्हणा मला, पण हाक मारली असं म्हणू नका.

आमच्या लोहगडवाडीत एक रीत आहे. गड बघायला येणारी माणसं वर चढतानाच एखाद्या घरी जेवण सांगून जातात. इतक्या थाळ्या, पिठलं झणझणीत, एकाला बिनलसणाचं. ती उतरेपर्यंत त्या घरच्या बाईनं सगळं गरम तयार ठेवायचं. वर जाताना ज्या घरी सांगितलं, ते त्या घरचं गिऱ्हाईक. उतरताना दुसऱ्या कुणी त्याला हाक मारायची नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण बांधावरून झालेलं भांडण इथे वर्षभरात मिटतं आणि हाकेवरून झालेलं मिटत नाही. हाक मारणारणीच्या घरी बायका हळदीकुंकवालाही जात नाहीत. तर मी हाक मारली नाही. ती माणसं आपल्या पायांनी माझ्या ओट्यावर आली, बाकड्यावर बसली आणि ताक मागितलं. ताकाला मनाई नसते.

शेजारचं घर माझ्या धाकट्या जावेचं. मधे एक भिंत, पुढे अंगण एकच. माझा दीर दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याला एका बंगल्याच्या कामावर परांचीवरून पडला, तेव्हापासून कंबर धरून घरात बसलाय. पोरगी तळेगावला नर्सिंग शिकते, तिथेच राहते. म्हणजे त्याचं औषध, पोरीचं शिक्षण आणि दोघांच्या तोंडातला घास, सगळं जावेच्या एका चुलीवर. हे मला तेव्हाही माहीत होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं.

आता माझं ऐका. वाडीत गिऱ्हाइकाला जेवू घालायला पहिली सुरुवात कुणी केली? मी. माझं माहेर घोरावाडीचं, स्टेशनाच्या मागं. बारावी शिकलेली मी. शहरातल्या माणसांशी कसं बोलायचं, ताट कसं मांडायचं, थाळीबरोबर पापड दिला की ती कशी खूश होतात, हे जावेला कुणी शिकवलं? मी. ती नवीन नवीन होती तेव्हा कुणी इंग्रजीत दोन शब्द बोललं की पदर तोंडावर घेऊन आत पळायची. मी माझ्या दारावर पाटी रंगवून घेतली, घरगुती जेवण, दोन भाषांत. तिच्या दारावर साधा खडूचा शब्द नव्हता. आणि माणसं? माझी पाटी वाचून विचारायची, "काकू, त्या हसऱ्या मावशींचं घर हेच का हो पुढचं?"

ती मावशी आणि मी काकू! दहा वर्षांचं तर अंतर आमच्यात.

जळत होते मी. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू? शनिवार-रविवारी दोन्ही दारांतले चिखलाचे बूट मोजायचे. तिच्या दारात पाय ठेवायला जागा नाही आणि माझ्याकडे चार जोड, त्यातला एक आमच्या ह्यांचा. तिची तांदळाची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की टम्म फुगायची. माझीही फुगते. पण माझी फुगली तर कुणी "वा!" म्हणत नाही, तिची फुगली की पोरंपोरी टाळ्या वाजवायची. बोलायला गोड, वाढायला सढळ. "घे गं बाळा अजून एक, गड चढून आलीस," म्हणायची आणि न मागता भाकरी ताटात. मला वाटायचं, ही काय घरचं कार्य काढून बसलीय का?

मग एकानं तिचा व्हिडिओ काढला. भाकरी थापतानाचा, बांगड्यांच्या आवाजासकट. पुढच्या शनिवारपासून माणसं फोन हातात धरूनच वाडीत शिरायला लागली. फोनमधलं चित्र बघायची, तिच्याकडे बघायची, "ह्याच ह्याच!" म्हणायची. एकदा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. एक मुलगी आली, छान लाघवी आवाजात म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का? तुम्ही मधे येताय." माझ्या अंगणात! उठले मी. सूप उचललं आणि आत गेले. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

आणि ती वाईट असती तर एक वेळ सोसलं असतं. पण गर्दी आवरेनाशी झाली की ती आपल्याकडची माणसं माझ्याकडे पाठवायची. "आक्का, हे चौघं तुमच्याकडं जेवतील. लय भूक लागलीय त्यान्ला." मी हसून म्हणायचे, "पाठव की." आत जाऊन कढई अशी आदळायचे की विचारू नका. तिनं टाकलेलं मी उचलायचं! तिनं टाकलेलं नव्हतं ते, दिलेलं होतं. पण मत्सर चढला की दिलेलं आणि टाकलेलं सारखंच दिसतं.

तर तो रविवार. पुण्याकडच्या कुठल्याशा ऑफिसातली अकरा जणं सकाळी तिच्याकडे जेवण सांगून गडावर गेली होती. दुपारी उतरली तर तिच्या ओट्यावर आधीची पंगत उठायची होती. म्हणून ती माझ्याकडे ताकाला टेकली. त्यातल्या एका पोरीनं ताक पिता पिता सहज विचारलं, "काकू, शेजारी जेवण चांगलं असतं ना?"

मी म्हटलं, "चांगलंच असतं की."

एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तेवढ्यात पलीकडून हसण्याचा फवारा उडाला, कुणीतरी "मावशी, तुम्ही ग्रेट आहात" म्हणालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागच्या आठवड्यात एकाचं पोट बिघडलं म्हणे. पण पावसाळी हवा आहे, त्यानंही असेल."

बस्स. शपथेवर सांगते, आधी ठरवलेलं काही नव्हतं. अकरा जणांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक जण तिच्याकडे गेला, "मावशी, सॉरी, उशीर झालाय" म्हणाला आणि सगळी खाली भाजे गावाच्या वाटेनं चालू पडली. जेवली तर माझ्याकडेही नाहीत. माझ्या पदरात काय पडलं? अकरा ताकाचे ग्लास विसळायला.

जाऊ दारात उभी राहून त्यांच्या पाठी बघत होती. हाताला पीठ तसंच. संध्याकाळी फडक्यात बांधून भाकऱ्यांची चवड घेऊन आली. "घ्या आक्का, वाया जातील. काय झालं कुनास ठाऊक, गेली बाई तशीच." आम्ही त्या जेवलो. चांगल्या मऊ होत्या. मी ह्यांना म्हटलं, "मीठ जास्त पडलंय." हे तोवर तिसरी भाकरी मोडत होते.

आता गंमत बघा माणसाच्या मनाची. त्या दिवशी मला झोप लागली, आणि चांगली लागली. कारण आडवी होईपर्यंत माझी सगळी तयारी झाली होती. हाक मारली नाही, हे तर झालंच. शिवाय आधी "चांगलं असतं" म्हटलं होतं. शिवाय पावसाळी हवेचंही सांगितलं होतं. आणि पोट बिघडलं होतं की एकाचं! मागच्या आठवड्यात गायमुख खिंडीच्या अलीकडे एक पोरगा वाटेच्या कडेला ओकत बसलेला मी पाहिला होता. तो कुणाकडे जेवला होता, जेवला होता की नाही, की येतानाच बाटली घेऊन आला होता, देव जाणे. पण सगळीच जर तिच्याकडे जेवतात, तर तोही तिच्याकडेच जेवला असणार. असा माझा हिशोब. शेवटी तर मला वाटायला लागलं की मी त्या अकरा लेकरांवर उपकारच केले. कुणाचं तरी पोर ते, परक्या गावात आजारी पडलं असतं म्हणजे?

पण एकदा असं म्हटलं की मग पुरावा लागतो. मी शोधायला लागले. तिच्या हंड्यावर झाकण नसायचं. हात पदराला पुसायची. एकदा तिच्या ओट्यावर कोंबडी चढलेली बघितली आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्यांना हात धरून दाखवली. हे म्हणाले, "आपली बी कोंबडी पिठाच्या डब्यावर बसलीय, ती हाकल आदी." खरंच बसली होती. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! तरी मी म्हटलं, "तिच्याकडचं खाऊन लोकांची पोटं बिघडतात, माहीत आहे का?"

हे विडी विझवत म्हणाले, "लोकांचं न्हाई, तुजं पोट दुखतंय."

असा राग आला मला! दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. खरं बोलणाऱ्यावर जितका राग येतो तितका खोटं बोलणाऱ्यावर येत नाही.

तीन-चार आठवडे गेले. एका सकाळी वीस-बावीस जणांचा घोळका आला. त्यांचा म्होरक्या सरळ माझ्या दाराशी थांबला आणि माझ्याकडे जेवण सांगितलं. माझ्याकडे, आधी! मग आवाज खाली आणून म्हणाला, "शेजारी नको म्हटलं. तिथं विषबाधा झाली होती ना? एकाला ॲडमिट करावं लागलं. ग्रुपवर आलंय."

माझ्या हातातली पळी थांबली. आणि मग मी काय केलं सांगू? विश्वास ठेवला. देवाची आण, मनापासून ठेवला. धावत आत गेले आणि ह्यांना म्हटलं, "बघा! मी म्हणत होते की नाही? आता बाहेरची माणसं सांगतायत." पोरगा खिंडीत ओकला, तो माझ्या तोंडून तिच्या ओट्यावर गेला, तिथून दवाखान्यात, आणि फिरून माझ्याच दारात आला तर मला ओळखू आला नाही. ओळखायचंच नव्हतं मला. एवढी मोठी साक्ष मिळाल्यावर कोण सोडतं!

त्या दिवसापासून माझं पोटात जळणं बदललं. आधी मी नुसती जळायचे, आता मला तिचा राग यायला लागला. आधी ती हसली की वाटायचं, असं आपल्याला हसता आलं असतं तर. आता वाटायचं, नाटकी आहे. तिचं सढळ वाढणं मला गिऱ्हाईक पळवायची युक्ती वाटायला लागली. दिराची काळजी घेणंही लोकांना दाखवण्यापुरतं वाटायचं. आज कळतं ते असं की, जिचं आपण वाईट केलं ती चांगली असून आपल्याला परवडत नाही. ती चांगली असली तर मग मी कोण?

तिच्या दारातले बूट कमी झाले. माझ्या दारात वाढले. आवडलं मला. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. बसा, घ्या, अजून देऊ का, करताना माझेही गाल दुखायचे हसून. पण कुणी फोन काढून माझी भाकरी टिपली नाही. जेवायची, "छान होतं काकू" म्हणायची, निघायची. आणि जाता जाता तिच्या ओट्याकडे बघायची. तिथं कुणी नसलं तरी बघायची. म्हणजे जळायचं ते राहिलंच.

जावेला पोट बिघडल्याची कुणकुण कुणाकडून तरी लागली. माझा संशय घेतला असता, भांडायला आली असती, झिंज्या धरल्या असत्या तर मी तयार होते. चार शिव्या मलाही येतात. पण तिनं संशय घेतला तो स्वतःवर. हंडे घासघासून आरशासारखे केले. पाणी उकळून गार करायला लागली. बेसनाचा नवा डबा आणला, जुनं बेसन म्हशीला घातलं. आणि एके दिवशी बघते तर हातात दवाखान्यातले ते रबरी मोजे. पोरीकडून मागवले होते. मोजे घालून तांदळाची भाकरी थापत होती! ती कसली होतेय? उकड बोटाला कळावी लागते. भाकरी कडेनं चिरायची, उचलताना तुटायची. परत गोळा करायची, परत थापायची. मी भिंतीआडून बघत होते. मोजे काढ गं बये, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग ती पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "आक्का, तुमचं अक्षर चांगलं. मला एक पाटी लिवून द्या. हितं उकळलेलं पानी वापरत्यात, असं लिवा. मंजी मान्सं भ्याणार न्हाईत."

लिहून दिली. मोठ्या ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून. लिहिताना मला कळत होतं का? कळत होतं. ज्यांनी काही ऐकलेलं नव्हतं, तेही आता त्या पाटीपाशी थांबून एकमेकांना विचारणार, हे असं का लिहिलंय? काही झालं होतं का इथं? आणि तसंच झालं. पण मी काय केलं होतं? तिनं सांगितलं तेच लिहिलं होतं. वर तिला रंगपेटीही दिली. "लय उपकार झाले," म्हणाली. पाटी छातीशी धरून घेऊन गेली.

दसरा झाला. पाऊस गेला होता, गडावरची गर्दी ओसरायला लागली होती. एका दुपारी ती आली आणि माझ्या चुलीपाशी पाट घेऊन बसली. म्हणाली, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये भांडी घासायचं काम मिळतंय, सोमवारपासून जाणार. सकाळी सहाच्या जीपनं जायचं, अंधार पडल्यावर यायचं. दिराचं दुपारचं जेवण झाकून ठेवणार. "चूल बंद करते मी, आक्का. कुनी सांगायला आलं तर तुमीच घाला जेवायला."

मी म्हटलं, "बरं झालं. नोकरी ती नोकरी. हे आपलं हंगामी."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आक्का, एक इचारू का? खरं सांगा पन. माझी आन हाये तुमाला."

मला वाटलं, आली वेळ.

"माझ्या हातचं खाऊन तुमाला कदी काय झालं व्हतं का? आमच्या घरात कुनाला काय झालं न्हाई. पन घरच्यान्ला सवय आसती. मला आता माझ्याच हाताचं भ्या वाटतंय, आक्का. कालच्याला पोरीचा फोन आला, दिवाळीला येती म्हनली. मी म्हनलं, ये, पन सैपाक तू करायचा."

मला टायफॉइड झाला होता तेव्हा वीस दिवस हिनंच मला पेज पाजली होती, चमच्या चमच्यानं, माझं डोकं मांडीवर घेऊन. त्याच हाताबद्दल ती मला विचारत होती. उत्तर अगदी सोपं होतं. "नाही गं," एवढंच. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुणाला झालं? कुणी सांगितलं? आणि मी इतके महिने जे एकावर एक रचलं होतं, झाकण, पदर, कोंबडी, तो खिंडीतला पोरगा, सगळं माझ्याच अंगावर कोसळणार. मला तिची दया आली नव्हती असं नाही. पण मला माझी जास्त आली.

मी म्हटलं, "एकदा झालं होतं. थोडंसंच. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मोकळा झाला होता तिचा, फार दिवसांचं ओझं उतरावं तसा. "तुमी तरी खरं सांगितलंत, आक्का. वाडीतल्या सगळ्या म्हनत्यात, न्हाई गं, तुज्या हाताला काय न्हाई. मला वाटायचं, समजूत काढत्यात माझी. आता मी चूल बंद केली त्याचं मला काय वाटनार न्हाई."

दिवाळीला पोरगी आली. मी फराळाचं ताट द्यायला गेले तर पोरगी चुलीपाशी होती आणि जाऊ उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून. तिथनंच सांगत होती, "पानी लाव. आता कडंकडंनं दाब. आसं न्हवं गं, तळवा फिरव." पोरगी वैतागून म्हणाली, "आये, तूच ये ना, दाखव एकदा." तिनं हात पदराखाली घेतले आणि मान हलवली. मी दारात उभी होते. मला बघून म्हणाली, "बसा की आक्का."

मी बसले नाही. काम आहे म्हटलं आणि परत आले. मधलं अंगण वीस पावलांचं आहे. सोमवार ते शनिवार ती पहाटे त्यातून जाते आणि अंधारात येते, आणि रोज मी ठरवते की आज सांगावं. मग वाटतं, आता सांगितलं तर तिचा माणसांवरचा विश्वास उडेल. निदान एक माणूस आपल्याशी खरं बोललं, एवढं तरी तिच्यापाशी आहे, ते मी कशाला हिरावून घेऊ? तिच्याच भल्यासाठी गप्प राहते मी.